चौकातला ब्लॅक बेल्ट

सर माणसाला ठोकून बघायचे. मारायचे नाहीत, ठोकायचे. मधल्या बोटाचं पेर वाकवून खांद्यावर, पोटरीवर, कधी बरगडीवर टक्‌ करून एक ठोका, आणि मग मान तिरकी करून ऐकत राहायचे. कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी उभी हयात कास्टिंग तपासण्यात घालवली होती. ओतीव लोखंडाला छोट्या हातोडीनं ठोकायचं. नाद खणखणीत आला तर माल पुढं. बद्द आला तर आत कुठंतरी चीर आहे, त्यावर लाल खडूनं फुली आणि माल बाजूला. रिटायर झाल्यावर हातोडी कंपनीत राहिली आणि सवय घरी आली. नारळ, टेबल, चहाचा कप, शेजाऱ्यानं घेतलेली नवी मोटार, सगळं ते ठोकून घ्यायचे. शेजारी त्यानंतर बरेच दिवस गाडी दुसऱ्या गल्लीत लावायचा म्हणे.

मी कराटे शिकायला पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या पोटावर ठोका मारला. बराच वेळ ऐकलं. पुन्हा एकदा मारला. मग म्हणाले, "पावणं, आत कोण भाड्यानं ऱ्हातंय काय?"

पोट माझंच होतं आणि ते काही एकाएकी आलेलं नव्हतं. माझं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर बसायचं, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, त्याला कंपनी म्हणून आपणही प्यायचा. डॉक्टर म्हणाले साखर उंबरठ्यावर आहे, रोज चालायला जा. मी रंकाळ्यावर चालायला जाऊ लागलो, पण रंकाळ्यावर चालणं आणि भेळ यांची फारकत मला जमली नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, जिथं खायला मिळत नाही असं काहीतरी शोधा." असं ठिकाण कोल्हापुरात शोधणं सोपं नाही. मला सरांचा क्लास सापडला.

क्लास गुळाच्या एका जुन्या वखारीच्या माडीवर भरायचा. खाली आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोडाऊन होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या खाली-वर गुळाच्या ढेपा रचलेल्या, त्यामुळे माडीची लाकडी जमीन अजून गोड होती. पावसाळ्यात जरा ओल धरली की फटीफटीतून मुंग्या वर यायच्या. आम्ही अनवाणी, ओळीत उभे, समोरच्या हवेत ठोसे मारतोय आणि पायाखालून मुंग्यांची रांग चाललीय. सरांचा नियम होता, मुंगी चिरडायची नाही. "पाय कुटं पडतोय त्ये बगून टाका पावणं. मुंगीला तुमचा पाय दिसतोय, तुमाला मुंगी दिसत न्हाय. मग शाना कोन?"

'पावणं' आमच्याकडं कुणीही कुणालाही म्हणतं. एसटीत शेजारी बसला तो पावणा, दुकानात पत्ता विचारायला आला तो पावणा. सरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्याकडे पांढऱ्या पट्ट्यापासून तपकिरी पट्ट्यापर्यंत सगळे पावणे. क्लासला येणाऱ्या एक डॉक्टरीणबाई, मी, कॉलेजची पोरंपोरी, सगळ्यांना 'पावणं' आणि 'तुमी'. पावण्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. कितीही वेडावाकडा पाय उचला, "असूंद्या, असूंद्या" म्हणायचे. ब्लॅक बेल्टवाले जे तीन-चार जण होते त्यांना मात्र नावानं हाक, अरेतुरे, आणि घरच्या पोराला फाडून खावं तसं फाडून खायचे. "ल्येका, त्यो हात हाय का चौकातला सिग्नल?" असं ते एकाला म्हणाले आणि तो मान खाली घालून हसला. मला त्याचा हेवा वाटला. शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला शिव्यांचा हेवा वाटू लागला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

त्या ब्लॅक बेल्टवाल्यांना आणखी एक मान होता. माडी झाडायचा मान. क्लासच्या आधी येऊन ते साळुत्यानं सगळी जमीन झाडायचे, मुंग्या हलक्या हातानं दाराबाहेर काढायचे. सुरुवातीला मी सरांवर छाप पाडायला म्हणून लवकर गेलो आणि दाराआडचा साळुता उचलला. सरांनी येऊन तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला, जसा घरी आलेल्या व्याह्याच्या हातातून ताटाखालचा पाट काढून घ्यावा. "असूंद्या पावणं. पावण्यानं केर काढला तर घराला बरं दिसत न्हाय." मी ओशाळून कोपऱ्यात उभा राहिलो.

पुढं एकदा क्लास सुटल्यावर खालच्या टपरीवर चहा पिताना मी त्यांना विचारलंच. "सर, हा पहिला डॅन म्हणजे नेमकं काय असतं?" जपानीत ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांना डॅन म्हणतात, ब्लॅक बेल्ट मिळाला की पहिला, मग दुसरा, तिसरा, असे. सरांनी कप ठोकला, नाद ऐकला, मग एक घोट घेतला.

"पावणा घरात आला. दोन दिस ऱ्हायला. तिसऱ्या दिवशी बी जाईना. मग त्येच्या हातात साळुता द्यायचा. त्यो पयला डॅन."

"एवढंच?"

"एवडं लई हाय."

"आणि दुसरा?"

"घर कुटं गळतंय त्ये त्येला कळतंय."

"तिसरा?"

"गळतंय तितं भांडं ठेवतोय, कुनी सांगायच्या आदी."

"मग चौथा?"

"चौथ्याला कळतंय, गळतंय त्ये आपुनच."

मी न राहवून विचारलं, "आणि तुम्ही कितवे, सर?"

"मी चहा पाजनारा," असं म्हणून ते उठले.

सरांचा डॅन कितवा हे क्लासमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीवर सर्टिफिकेट नाही, फोटो नाही. कुणी म्हणायचं पाचवा, कुणी म्हणायचं सातवा, एक जण म्हणायचा की ते जपानला जाऊन आलेत आणि ते सांगायची त्यांना बंदी आहे. त्यांच्या कमरेचा पट्टा इतका विरलेला की काळा रंग नावाला उरलेला, सगळीकडून आतला पांढरा दोरा बाहेर आलेला. मी कुठंतरी वाचलं होतं की साधना करता करता गुरूचा काळा पट्टा झिजून पुन्हा पांढरा होतो, शेवट पुन्हा आरंभाला मिळतो, वगैरे. गुरुपौर्णिमेला मी उभा राहून यावर छोटंसं भाषण केलं. डोळे जरा ओले झाले माझे. सर म्हणाले, "आमची मंडळी मशीनला टाकतीया वो. सोडा जादा पडतोय."

शेजारीच कुस्तीची तालीम होती. तिथले म्हातारे वस्ताद संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्या माडीवरचा ओरडा ऐकून म्हणायचे, "सर, हवेला एवडं मारताय, हवा मरती का कवा?" सर जाताजाता म्हणायचे, "वस्ताद, तुमी मातीला लोळवताय, माती तरी कुटं मरतीया?" मग दोघंही हसायचे. हे संभाषण रोज, त्याच शब्दांत व्हायचं. एक दिवस वस्ताद आजारी होते तर सर त्यांच्या रिकाम्या खुर्चीजवळ थांबून आपलं वाक्य बोलून पुढं गेले.

माझी प्रगती मात्र रांगत चालली होती. तपकिरी पट्टा मिळाल्यावर मला वाटलं, आता काहीतरी फोडून दाखवलं पाहिजे. टाइल्सचं दुकान असल्यावर माणूस काय फोडणार. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दोन विटांवर मी एक जुनी टाइल ठेवली, ओरडलो आणि मारली. टाइल गुजरातची होती, चांगल्या कंपनीची. तिला काही झालं नाही. माझ्या करंगळीला झालं. प्लास्टर घालून क्लासला गेलो तेव्हा सर बराच वेळ त्या प्लास्टरकडं बघत होते. "फरशी तुमाला मारायला आलती काय पावणं?" मी म्हटलं, नाही. "मग तिच्या वाट्याला का गेलतासा? गिऱ्हाइकाला सांगा आता, लई मजबूत हाय म्हनून." ते मी सांगतो. ती टाइल अजून खपते.

सर आता राधानगरीच्या बाजूला आपल्या गावी असतात. गुडघे बोलायला लागले तसा त्यांनी क्लास एका शिष्याच्या हाती सोपवला आणि गावी जाऊन भात करू लागले. म्हशींनाही ठोकून बघत असतील. त्यांची आठवण निघाली की मला तो परीक्षेचा आठवडा आठवतो.

माझी ब्लॅक बेल्टची परीक्षा रविवारी होती. परीक्षा सर एकटे घ्यायचे नाहीत, सांगलीहून एक मॅडम यायच्या. अबोल बाई. त्या नुसत्या बघायच्या, आणि त्या बघायला लागल्या की माणसाला आपल्याला हात दोन आहेत की तीन याचीही खात्री राहायची नाही. सर निकालाला पास-नापास म्हणायचे नाहीत. त्यांच्याकडे फौंड्रीतले शब्द होते. जमलं तर 'पुढं', नाही जमलं तर 'रिवर्क'. "भंगार कवाच न्हाय," ते म्हणायचे. "भंगार मानूस आपला आपुन हुतोय."

परीक्षेच्या आठवड्यात दुसरं काही सुचेना. काता विसरायची भीती. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्यानंच करायची. ती गल्ल्यावर बसून मी बोटांनी करत होतो आणि गिऱ्हाइकाला कमोडचा भाव सांगताना मधेच हात वर जात होता. अशात एका दुपारी, मनाला जरा धीर यावा म्हणून, मी स्पोर्ट्सच्या दुकानातून एक नवा काळा पट्टा घेऊन आलो. तो कुणालाही मिळतो, काही दाखवावं लागत नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला आमचा वॉशबेसिन आणि आरशांचा विभाग आहे. तिथं पांढरा ड्रेस घालून मी पट्टा बांधला आणि उभा राहिलो. सगळ्या आरशांतून काळे पट्टे बांधलेले कितीतरी मी माझ्याकडं बघत होते. एकेकाचा चेहरा असा भारदस्त की मला स्वतःलाच वाकून नमस्कार करावासा वाटला.

केलाही. वर मान केली तर मागं मेहुणा, हातात मोबाइल.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पेठेतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. त्याच्यामुळं अख्ख्या पेठेचा मी दाजी. "दाजी, कडक," तो म्हणाला. "मिळाला काय?"

मी म्हणायला हवं होतं, नाही. मी म्हणालो, "मिळाल्यातच जमा आहे."

शुक्रवारी सकाळी दुकानाकडं निघालो तर चौकात पानपट्टीवाला गाडीला आडवा आला. "दाजी, नाद केलासा." मी वर बघितलं. चौकात, मटणाच्या दुकानासमोर, विजेच्या दोन खांबांना बांधलेला घराएवढा फ्लेक्स. त्यावर मी. कमरेला काळा पट्टा, मागचे आरसे आणि बेसिनं काढून तिथं वाघ घातलेला. एक बेसिन मात्र काढायचं राहून गेलं होतं, ते वाघाच्या पोटाखाली दिसत होतं. वर लाल अक्षरात, 'कराटेतील मानाचा ब्लॅक बेल्ट पटकावल्याबद्दल आमचे लाडके दाजी यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली कोपऱ्यात गोल चौकटीत सरांचा फोटो, कुणाच्यातरी लग्नातला, फेटा बांधलेला. त्याखाली 'मार्गदर्शक', सरांचं नाव आणि 'सातवा डॅन'.

मेहुण्याला फोन लावला. तो मंडळाच्या पोरांना घेऊन गगनबावड्याला गेलेला, मागं धबधब्याचा आवाज.

"अरे, परीक्षा रविवारी आहे."

"म्हाईत हाय की दाजी."

"मग पटकावल्याबद्दल काय?"

"आज न्हाय तर परवा पटकावनारच न्हवं? आदी लावला म्हनून जागा गावली. रविवारी त्या नगरसेवकाचा वाडदिवस हाय, मग चौकात पाय ठिवायला जागा मिळती का?"

"आणि नाही मिळाला तर?"

 मग तो म्हणाला, "दाजी, अपशकुनी बोलू नगा. आनि त्यो काढू नगा. मंडळाचा फ्लेक्स उतरला तर पलीकडच्या मंडळाची पोरं वरीसभर जगू द्यायची न्हाईत."

बायकोनं दोनच शब्द सांगितले. "आत्ता उतरवा." मी तिला समजावलं. आता उतरवला तर लोक विचारणार, का उतरवला. राहू दिला तर रविवारी तो आपोआप खरा होणार. दोन दिवसांचंच तर खोटं आहे, उसनं आणल्यासारखं. ती म्हणाली, "आणि खरा नाही झाला तर?" आता घरात सगळेच अपशकुनी बोलायला लागले होते.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकापेक्षा अभिनंदन करणारेच जास्त आले. मी प्रत्येकाला पेढा देत होतो. एक ओळखीचे आजोबा तर पेढा खाऊन बसूनच राहिले. त्यांचा भाडेकरू खोली सोडत नव्हता.

"तुमी नुसतं चला," ते म्हणाले. "मारायचं न्हाय. नुसतं दारात हुबं ऱ्हायचं, त्या फोटूत ऱ्हायलाय तसं."

"आमच्यात तसं चालत नाही आजोबा. शपथ असते."

"मग पट्टा तरी द्या. मी बांदून जातो."

शनिवारी सकाळी क्लासला जाताना मी चौक टाळून मागच्या बोळानं निघालो. बोळ नेमका चौकाच्याच तोंडाशी उघडतो हे पायांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. तोंडाशी आलो आणि जागीच थिजलो. फ्लेक्सखाली पानपट्टीवाल्याचं स्टूल, स्टुलावर सर. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात कागद. मी उभ्या असलेल्या टेंपोमागं सरकलो. सरांनी शांतपणे खळ लावली, कागद चिकटवला, तळव्यानं दाबून दाबून बसवला आणि खाली उतरले. मग टेंपोकडं न बघताच म्हणाले, "भाईर या पावणं. टेंपोमागं पोट मावत न्हाय."

मी बाहेर आलो. वर बघितलं. 'सातवा डॅन' नाहीसा झाला होता. तिथं नुसता पांढरा कागद. बाकी सगळं, मी, वाघ, बेसिन आणि 'पटकावल्याबद्दल', जिथल्या तिथं.

"सर, माफ करा. मेहुण्यानं... म्हणजे त्याला माहीत नव्हतं. जास्त लिहिलं गेलं की कमी?"

"दोनी बी खोटंच की."

ते खळीचा डबा पुसत होते. मी वाट बघत होतो, आता फाडून खातील. शिव्या दिल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं. पण पावण्याला कोण शिव्या देतं.

"माझं खोटं मी झाकलं," ते म्हणाले. "तुमचं तुमी बगा, पावणं." आणि उरलेली खळ पानपट्टीवाल्याकडं ठेवून गेले.

खळ तिथंच होती. स्टूल तिथंच होतं. चौकात अजून गर्दीही नव्हती. मी हात पुढं केला आणि पानपट्टीवाल्याकडून बडीशेप घेतली.

रविवारी सकाळी वखारीच्या जिन्यापाशी पोचलो तर खाली मेहुणा हजर, गगनबावड्याहून तडक आलेला, हातात हार, खिशात गुलाल, आणि सोबत हलगीवाला. हलगीवाल्यानं कोपऱ्यात कागद पेटवून हलगी शेकायला सुरुवात केली होती. "तुमी वरनं नुसता हात दावा दाजी," मेहुणा म्हणाला. "आमी सुरू."

वर सांगलीच्या मॅडम आलेल्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हीच ना ते चौकातले?" मी मान हलवली. "अभिनंदन," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

सरांनी जमिनीवर लाल खडूनं फुली मारली. काता त्या फुलीवरून सुरू करायची. चारी दिशांना जायचं, मारायचं, अडवायचं, वळायचं, आणि शेवटी बरोबर त्याच फुलीवर परत यायचं. पावलं सगळी सारख्या लांबीची पडली तरच ते होतं. घाबरलेला माणूस पुढं जाताना लांब टाकतो आणि मागं येताना आखूड. मला हे सगळं पाठ होतं. मी फुलीवर उभा राहिलो. खालून हलगीवर कुणीतरी अंदाजानं बोट मारून बघितलं, टण्‌.

काता संपली तेव्हा मला वाटलं, छान झाली. एकही हालचाल विसरलो नव्हतो. श्वास सोडला आणि पायाखाली बघितलं. फुली नव्हती. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. फुली खोलीच्या मध्यावर होती. मी खिडकीशी होतो. खिडकीतून चौकाचा कोपरा दिसत होता आणि फ्लेक्सवरच्या वाघाचं शेपूट.

मॅडमनी विचारलं, "ब्लॅक बेल्ट कशासाठी पाहिजे?"

मी तीन आठवडे याचं उत्तर तयार केलं होतं. त्यात संयम होता, आत्मशोध होता. तोंडातून आलं, "फ्लेक्स लागलाय."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला. सर उठून आले. माझ्या छातीवर टक्‌ करून एक ठोका मारला, मान तिरकी करून ऐकलं. मला स्वतःलाही ऐकू आलं. बद्द.

"निगालासा तितं परत आला न्हाईसा, पावणं," ते हळूच म्हणाले. "रिवर्क."

मी जिना उतरलो. माझी पावलं ऐकून मेहुण्यानं खूण केली आणि हलगी कडाडली. मी हात वर केला, थांबवायला. त्यांना वाटलं, तीच खूण. गुलाल उडाला. गळ्यात हार पडला. तालमीच्या दारातून वस्ताद टाळ्या वाजवू लागले. मी ओरडून सांगत होतो, नाही मिळाला, नाही मिळाला, आणि हलगीत माझे शब्द माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हते. शेवटी मी हलगीवर हात ठेवला.

"नाही मिळाला."

मेहुण्याचा चेहरा गुलालाखाली पांढरा पडला. मग तो जवळ येऊन कुजबुजला, "दाजी, कुनाला कळतंय? फ्लेक्स हाय तसा ऱ्हाऊ दे. पुढच्या टायमाला मिळंल, तवर हाय त्योच खरा."

खरं सांगतो, मला ते पटलं. दुकानापर्यंत चालत जाईतो पटतच होतं. दुकान उघडून मी गल्ल्यावर बसलो, हार तसाच गळ्यात. मागच्या आरशांत सगळीकडं गुलाल लावलेले कितीतरी मी, तपकिरी पट्टा बांधलेले, आणि त्यातला एकही माझ्याकडं बघायला तयार नव्हता.

मी शिडी उचलली.

रविवारची दुपार. मटणाच्या दुकानासमोर वळणापर्यंत गेलेली रांग, त्यात नगरसेवकाच्या वाढदिवसाची गर्दी. मी कराटेच्या ड्रेसमध्ये, खांद्यावर शिडी, गालाला गुलाल. पानपट्टीवाल्यानं न विचारता खळीचा डबा पुढं केला. पाठीमागं मेहुणा "दाजी, दाजी" करत, आणि त्याच्यामागं हलगीवाला, कारण त्याला कुणी परत जा असं सांगितलंच नव्हतं.

शिडी लावली. चढलो.  दुकानातून येताना मोठ्या कागदावर एक शब्द लिहून आणला होता. 'पटकावल्याबद्दल' वर खळ फासली आणि कागद लावला.

रांगेतून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. "कराटेतील मानाचा ब्लॅक बेल्ट... हुकल्याबद्दल... आमचे लाडके दाजी यांचे हार्दिक अभिनंदन."

 मग मागून एक आवाज, "आरं, ह्येचं बी अभिनंदन असतंय व्हय?" दुसरा म्हणाला, "माझी दोनदा दहावी हुकली, मला कुनी फ्लेक्स लावला न्हाय." तिसरा, "दाजी, त्ये बेसिन केवड्याला?" हसू उसळलं ते चौकभर. आजोबाही रांगेत होते, ते शेजाऱ्याला सांगत होते, "बरं झालं न्हेलं न्हाय. भाडेकरूनं हान्ला असता." मेहुण्यानं डोकं धरलं. हलगीवाल्यानं मात्र वर बघून विचारलं, "आता वाजवू न्हवं?" आणि उत्तराची वाट न बघता सुरू झाला.

मी वर तसाच, हात कागदावर दाबून. शिडी हलत होती, की मीच. मग ती एकाएकी स्थिर झाली. कुणीतरी खालून घट्ट धरली होती.

"डावीकडं उतरलाय कागद. वर घे जरा."

मी वर घेतला.

"आनि जरा. हां. आता दाब."

दाबला. खाली उतरलो. सरांच्या एका हातात मटणाची पिशवी होती, दुसरा हात अजून शिडीवर. त्यांनी माझ्या खांद्यावर टक्‌ करून ठोका मारला आणि मान तिरकी केली. हलगी जोरात होती, त्यांना काय ऐकू आलं कुणास ठाऊक.

"उद्या लौकर ये," ते म्हणाले. "मुंग्या लई झाल्यात. साळुता दाराआड हाय."